चिखलातील चोर

पायऱ्यांच्या विहिरीतील सूक्ष्म किड्याच्या पोटातून नारू माणसाच्या अंगात शिरे, हे आपल्याकडील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. माशांच्या एका रोगाचे असेच कोडे सुटावयास ऐंशी वर्षे लागली.

अमेरिकेतील इंद्रधनुषी ट्राउट हा मासा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आणला गेला. तेथे त्याची पिल्ले भोवऱ्यासारखी गरगर फिरून मरू लागली. म्युनिकचे ब्रुनो होफर यांनी १९०३ साली या रोगाचे वर्णन केले. एक परोपजीवी जंतू पिल्लांची कवटी व कणा यांतील कूर्चा पोखरतो. परंतु रोगी माशातील जंतूंची बीजे निरोगी माशास दिली, तरी रोग होईना! तेव्हा ती आधी चिखलात मुरावी लागतात, अशी समजूत विद्वानांनी करून घेतली आणि त्या एका शब्दावर शोध थबकला. दरम्यान रोग अमेरिकेत पोहोचला. १९५८ साली तो पेनसिल्व्हेनियात ओळखला गेला.

अखेर १९८४ साली केन वुल्फ व मारिया मार्किव यांनी त्या चिखलातच शोध घेतला. तेथील ट्युबिफेक्स नावाचा बारीक किडा ती बीजे गिळतो. त्याच्या शरीरात त्यांचे रूप पालटते आणि हे नवे रूप माशाला ग्रासते. शास्त्रज्ञ ज्याला निराळा प्राणिवर्ग समजत होते, तो हाच वेषांतर केलेला चोर!

तरीही १९९४ साली मॉन्टानातील मॅडिसन नदीत हा रोग आढळला, तेव्हा तेथील सुमारे नव्वद टक्के इंद्रधनुषी ट्राउट नाहीसे झाले होते. अज्ञानाला नाव दिले म्हणजे ज्ञान होत नाही. त्या उशिराची किंमत मुक्या जिवांनी दिली.