वायुविभाजक

दळलेल्या मालातील बारीक व जाड कण हवेच्या झोताने निवडणारे यंत्र. अतिबारीक भुकटीत चाळणीची छिद्रे तुंबतात, म्हणून सिमेंट कारखान्यात गिरणीला हेच जोडतात. उभ्या पात्यांचा पिंजरा गरगर फिरतो; केंद्रोत्सारी बल कणाला बाहेर लोटते, हवा आत ओढते. जाड कण भिंतीकडे जाऊन खाली पडतो व पुन्हा दळायला जातो. बारीक कण हवेसोबत निसटून सायक्लोनमध्ये, म्हणजे हवेतून कण वेगळे करणाऱ्या पात्रात, जमतो. पिंजऱ्याचा वेग वाढवला की माल आणखी बारीक निघतो.

शहापूर-मुरबाडच्या खळ्यावर झोडलेले भात सुपाने उफणतात तेव्हा तत्त्व हेच : भरीव दाणा पायाशी, पोचट दाणा व भुसा पुढे. मात्र तिथे निवड आकारापेक्षा वजनावर होते. यंत्रातही कणांची घनता सारखी नसेल, तर आकाराची निवड बिघडते.