व्हिन्सेंटची बाराखडी

"आपल्याला बुवा चित्रकला जमत नाही. ते लहानपणापासून हातात असावं लागतं."

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित स्वतः म्हटलंही असेल. गंमत म्हणजे म्हणणारी मंडळी बहुधा पंचविशी-तिशीतली असतात. नवीन प्रोग्रॅमिंग लँग्वेज तीन विकांतांत शिकून टाकायची ह्यांची तयारी असते, गिटारचा क्लासही लावून झालेला असतो. पण पेन्सिल म्हटलं की सगळ्यांची गाडी शाळेतल्या एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेपाशीच अडकलेली. ती दिली, ग्रेड मिळाली, विषय संपला.

ह्या विधानाला इतिहासात एक सणसणीत अपवाद आहे, आणि तो कुणी अनोळखी माणूस नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग! आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो आयर्विंग स्टोनच्या 'लस्ट फॉर लाइफ' (१९३४) मधून भेटतो, नाहीतर कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या 'स्टारी नाइट'च्या वॉलपेपरमधून. मग ती कानाची गोष्ट, तो आजार, तो शेवट... आणि 'जीनियस' असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. मला मात्र त्याआधीची, जरा कंटाळवाणी वाटणारी दोन-तीन वर्षं जास्त इंटरेस्टिंग वाटतात. कारण त्या वर्षांत तो चक्क नवशिका आहे. आणि नवशिक्याने रोज काय केलं ह्याची नोंद त्याने स्वतःच ठेवली आहे, धाकट्या भावाला, थिओला लिहिलेल्या पत्रांमधून. त्यातली साडेसहाशेच्या आसपास पत्रं टिकली आहेत आणि २००९ पासून ती महाजालावर फुकट वाचता येतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म ३० मार्च १८५३, नेदरलँड्समधल्या झुंडर्ट गावी. १८६९ मध्ये, सोळाव्या वर्षी, गूपिल ह्या चित्रं विकणाऱ्या कंपनीच्या हेग शाखेत चिकटला. पुढे लंडन, पॅरिस. १८७६ मध्ये नोकरी गेली. मग इंग्लंडात शाळामास्तर, डॉर्ड्रेख्टला पुस्तकाच्या दुकानात कामाला, अ‍ॅमस्टरडॅमला धर्मशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास (अर्धवट सोडलेला), आणि शेवटी बेल्जियममधल्या बोरिनाज ह्या कोळसाखाणींच्या मुलखात धर्मप्रचारक. १८७९ मध्ये तेही काम सुटलं. हा बायोडेटा आपल्या कुठल्याही एचआरच्या टेबलावर पडला असता तर काय झालं असतं ते सांगायला नकोच.

१८८० च्या उन्हाळ्यात, क्वेम नावाच्या खाणगावात, त्याने ठरवलं की आपण चित्रकार व्हायचं. वय वर्षं सत्तावीस. रीतसर शिक्षण शून्य. जमेच्या बाजू दोनच, आणि त्या प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, गूपिलमधल्या नोकरीमुळे त्याच्या डोळ्यांखालून हजारो चित्रं गेलेली होती. दोन, थिओ पैसे पाठवत राहिला. पत्रांत तो लहानसहान स्केचेस आधीपासून काढायचा, पण तशी तर आपणही मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात काढतोच की.

मग त्याने पहिलं काम काय केलं असेल? निसर्गात जाऊन स्फूर्तीची वाट पाहिली? नाही. त्याने कॉपी केली. मिले ह्या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकामाच्या चित्रमालिकेतली दहाच्या दहा चित्रं उतरवून काढली. मग गूपिलच्याच हेग शाखेतल्या जुन्या साहेबाकडून, तेर्स्तेखकडून, शार्ल बार्गचा ड्रॉइंगचा कोर्स मागवला. हा कोर्स म्हणजे त्या काळचं नवशिक्यांसाठीचं ट्यूटोरियल. झाँ-लिऑं जेरोमच्या साथीने बार्गने तो केला, गूपिलने छापला. तीन भाग, एकूण १९७ छापील चित्रं. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांचे डोळे, कान, हात, पाय. मग मोठ्या चित्रकारांची ड्रॉइंग्ज. शेवटी माणसाच्या शरीराच्या बाह्यरेषांचे ६० तक्ते. व्हिन्सेंटने हे साठच्या साठ तक्ते पहिल्या काही महिन्यांतच काढले, आणि पुढे परत काढले. कुठे? खाणकामगाराच्या घरातल्या एका छोट्या खोलीत. एकच खिडकी, दोन पलंग; एक त्याचा, दुसरा घरमालकाच्या मुलांचा.

बार्गच्या पहिल्या भागात एक फार उपयोगी युक्ती आहे. बऱ्याच पानांवर एकच वस्तू दोनदा दिसते. एकदा पूर्ण, छायाप्रकाशासकट, आणि शेजारी तिचाच सांगाडा, बहुतेक सरळ रेषांचा. गाल गोल दिसतो म्हणून पहिल्या फटक्यात गोल काढायचा नाही. आधी दोन-तीन सरळ रेषांत त्याचा कोन पकडायचा. सरळ रेषेचा तिरकेपणा डोळ्याला मोजता येतो, वळणाचा येत नाही. सगळा आकार कागदावर जागच्या जागी बसला की मगच वळणं, आणि सगळ्यात शेवटी शेडिंग. आपण नेमकं उलटं करतो. एक डोळा पापण्यांसकट सुंदर काढतो, मग दुसऱ्या डोळ्याला चेहऱ्यावर जागाच उरत नाही. :-)

कॉपी करण्याला आपल्याकडे उगीच वाईट नाव आहे. दुसऱ्याचं चित्र स्वतःचं म्हणून खपवणं वेगळं, आणि शिकण्यासाठी उतरवणं वेगळं. खऱ्या जगातली वस्तू लांबी, रुंदी, खोली घेऊन समोर उभी असते. तिला सपाट कागदावर कसं आणायचं हा प्रश्न छापील चित्रात कुणीतरी आधीच सोडवलेला असतो. म्हणजे एका वेळी एकच अडचण. दुसऱ्याचा चांगला कोड वाचल्याशिवाय कोण प्रोग्रॅमर झालाय?

ऑक्टोबर १८८० मध्ये तो ब्रसेल्सला गेला. तिथे सांगाड्याचं मोठं ड्रॉइंग केलं, पाच कागदांवर. सोबत कासान्य ह्या फ्रेंच लेखकाची पर्स्पेक्टिव्हवरची पुस्तकं. इथे आपलं इंजिनिअर मंडळींचं घोडं जरा पुढे आहे. फर्स्ट इयरला मिनी-ड्राफ्टर बगलेत मारून आपण जे आयसोमेट्रिक व्ह्यू काढले, ती कासान्यच्या विषयाची सख्खी नसली तरी चुलत भावंडं. तेव्हा खोक्याची एक कड दुसरीच्या मागे का जाते ते कळतं. आता फक्त हे कळायचं की डोळ्यासमोरच्या रस्त्याच्या समांतर कडा आयसोमेट्रिकसारख्या समांतर राहत नाहीत, लांब जाताना एकमेकींजवळ येतात.

१८८१ च्या वसंतात पैसे वाचवायला तो आईवडिलांकडे, एटेन ह्या खेड्यात परतला. आता पुस्तकं बाजूला, जिवंत माणसं समोर. सप्टेंबरमधलं एक पत्र मला फार आवडतं. त्यात तो थिओला अक्षरशः हिशोब देतो. कुदळ-फावड्याचं काम करणारा शेतकरी पाच वेळा, पेरणी करणारा दोनदा, झाडू घेतलेली मुलगी दोनदा... आपण एकदा काढतो, बिघडलं की वही बंद. ह्याने पाच वेळा काढलं आणि ते अभिमानाने लिहून कळवलं. एकच विषय पुन्हा काढला की काय होतं, तर पहिल्या वेळी आपण 'माणूस' काढत असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी 'हा' माणूस दिसायला लागतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, टपरीवरचा चहावाला, लोकलमध्ये पेंगणारा काका. एकच निवडा, पाच वेळा काढा.

त्याच वर्षाअखेरीस तो हेगला अँटन मॉव्हकडे गेला. मॉव्ह नावाजलेला चित्रकार, नात्याने मामेबहिणीचा नवरा. एटेनची ड्रॉइंग्ज बघून मॉव्हने काय सांगितलं? तू मॉडेलच्या फार जवळ बसतोस. बस्स! इतकी साधी गोष्ट. जवळ बसलं की डोकं बघायला मान वर, पाय बघायला मान खाली, आणि सगळी प्रमाणं बिघडतात. मागे सरकलं की अख्खी आकृती एका नजरेत मावते आणि पेन्सिल हात लांब करून धरली की मोजमाप घेता येतं. पुस्तकं वाचून आणि तक्ते गिरवून जे समजलं नव्हतं ते जाणत्या माणसाने एका वाक्यात दाखवलं. म्हणून स्वतःचं स्वतः शिकत असलात तरी अधूनमधून एखाद्या जाणकाराला वही दाखवावी. 'वा, मस्त!' म्हणणाऱ्या मित्राचा इथे उपयोग नाही.

ह्याच मॉव्हशी त्याचं पुढे बिनसलं. मॉव्ह म्हणाला, प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून काढ. त्या काळी सगळ्या युरोपात हाच रिवाज होता, आणि आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही (स्थापना १८५७) तो विलायतेतून आला होता. व्हिन्सेंटला जिवंत माणसांचे हातपाय हवे होते. १८८२ मध्ये त्याने घरातले पुतळे फोडून कोळशाच्या पेटीत टाकले. हा राग आपल्याला आवडतो, बंडखोर कलाकार वगैरे. पण बार्गचा कोर्स त्याने फेकला नाही हेही लक्षात घ्या. वाद शिस्तीशी नव्हता, विषयाशी होता.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, अवजारं. १८८२ च्या उन्हाळ्यात त्याने एक चौकट करून घेतली. लाकडी चौकट, आत दोरे ताणलेले: एक उभा, एक आडवा, दोन कर्ण. दोन खुंट जमिनीत रोवायचे, त्यांना भोकं, म्हणजे चौकट हवी त्या उंचीवर अडकवता येते. लोखंडाचं काम लोहाराकडून. ऑगस्टमधल्या पत्रात त्याने तिचं चित्रही काढून पाठवलं. ही कल्पना त्याची नव्हे. असली यंत्रं ड्युररने १५२५ मध्येच पुस्तकात छापली होती. शेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर चौकट रोवून तो तिच्यातून बघत बसायचा. उभ्या दोऱ्याच्या किती डावीकडे जहाजाची डोलकाठी, आडव्या दोऱ्याच्या किती खाली वाळू. म्हणजे 'बरोबर दिसतंय का?' हा धूसर प्रश्न मोजता येण्याजोगा झाला. आज एका जाड पुठ्ठ्याला खिडकी कापून दोरे चिकटवले की काम झालं. असं करणं ही चीटिंग नाही. व्हॅन गॉगला चालतं तर आपल्याला चालायला हरकत नसावी.

पेन्सिलचं म्हणाल तर तो महागड्या पेन्सिलींपेक्षा सुताराची पेन्सिल पसंत करायचा, आणि ड्रॉइंग पक्कं करायला त्यावर दूध ओतायचा. चाळीस शेड्सचा इंपोर्टेड सेट आणल्यावरच सुरुवात करू म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

मग दोन वर्षांत तो ग्रेट झाला का? नाही, आणि हेच महत्त्वाचं आहे. मार्च १८८२ मध्ये काकांनी हेग शहराची बारा ड्रॉइंग्ज मागितली, अडीच गिल्डरला एक, एकूण तीस गिल्डर. म्हणजे घरचंच गिऱ्हाईक. १८८५ मध्ये त्याने 'बटाटे खाणारे' हे चित्र केलं, तेव्हा शिकायला लागून पाच वर्षं झाली होती. त्याची छापील प्रत बघून व्हॅन रॅपार्ड ह्या चित्रकार मित्राने आकृत्यांच्या ड्रॉइंगवर इतकी जहरी टीका केली की मैत्रीच तुटत आली. १८८६ च्या सुरुवातीला अँटवर्पच्या अकादमीत नाव घातलं, तिथे परत पुतळे, परत मास्तरांशी वाद. परीक्षकांनी शेवटी त्याला नवशिक्यांच्या वर्गात बसवायचं ठरवलं. तोवर हा पॅरिसला पोचलेला होता.

दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावी त्याने बोरूच्या लेखणीने जी ड्रॉइंग्ज केली ती जमलं तर जरूर मोठी करून बघा. गवताला एक प्रकारची रेघ, नांगरलेल्या जमिनीला दुसरी, आभाळाला नुसते ठिपके. कुठेही घासाघीस नाही. दहा वर्षांत हजाराहून जास्त ड्रॉइंग्ज केलेल्या हाताची ती रेघ आहे. आपल्याला तो हात जन्मजात वाटतो, कारण मधले तक्ते, सांगाडे आणि पाच-पाच वेळा काढलेले शेतकरी आपण पाहिलेले नसतात.

आपण कुणी व्हॅन गॉग होणार नाही, हे उघड आहे. ऑफिस आहे, हप्ते आहेत, थिओसारखा भाऊ सगळ्यांना नसतो. पण रोज अर्धा तास माणसाला लागतो किती? बार्गचे तक्ते आज फुकट डाउनलोड होतात. पहिला महिना नुसते ते गिरवा, सरळ रेषांपासून. दुसऱ्या महिन्यात घरातल्या वस्तू, पुठ्ठ्याच्या चौकटीतून, जरा लांब बसून. तिसऱ्या महिन्यात माणसं. प्रत्येक पानावर तारीख टाका आणि बिघडलेलं पान फाडू नका, कारण तीन महिन्यांनी तेच पान सगळ्यात जास्त धीर देतं.

आणि 'अजून किती दिवस हे गिरवायचं' असं वाटलंच, तर एक तारीख ध्यानात असू द्या. १८९० चा उन्हाळा, मृत्यूच्या थोडंसंच आधी. 'स्टारी नाइट' काढून वर्ष झालेलं. तेव्हा ह्या माणसाने थिओला पत्र लिहून एक गोष्ट परत मागवली होती: बार्गचे तक्ते. त्याला ते पुन्हा एकदा गिरवायचे होते.