तयार सूर आणि जवारीचा दोरा

गेल्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. नवी मुंबईतल्या शाळांत सिडकोच्या इमारतींत राहणारी मुले असतात, तशी मूळच्या गावठाणांतलीही असतात. अशाच एका गावठाणातल्या, दहावीतल्या मुलाकडे स्वागतगीताची साथ सोपवली होती. त्याने की-बोर्ड टेबलावर मांडला, एक बटण दाबले आणि वर्गात सनई वाजू लागली. सूर चोख होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मुलाचे आजोबा त्याला न्यायला आले होते, ते दारातच थांबले. उमेदीच्या काळात हे गृहस्थ आसपासच्या गावांत लग्नकार्याला सनई वाजवीत. पुढे दात गेले आणि त्यांच्याबरोबर सनईही गेली. नातवाचे वाजवून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "पोरा, यो वाजवनारा दम कवा घेतो?"

मुलगा हसला. यंत्राला दम लागत नाही, म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, तयार आवाज वापरणं म्हणजे चोरी असते का? एक जण म्हणतो, स्वतः आवाज बनवणारा तोच खरा वादक."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आणि सवडीने कादंबऱ्या लिहिणारा माणूस. संगीतातला अधिकार मला नाही. पण मुलाचा प्रश्न टाळणे मास्तराला शोभत नाही. मी शोधू लागलो, आणि ध्यानात आले की हा प्रश्न त्या की-बोर्डाहून फार जुना आहे. आपल्या महाराष्ट्रात तो शंभर वर्षांपूर्वी पेटीच्या निमित्ताने उभा राहिला होता.

बाजाची पेटी ही मूळची परदेशी. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ साली तिच्या पूर्वजाचे पेटंट घेतले. इकडे आल्यावर तिचे पाय गेले, भाता हाताने चालू लागला आणि ती बैठकीत येऊन बसली. तिची खुबी अशी की स्वर तयार मिळतो. सारंगियाला तारेवर स्वराची जागा शोधावी लागते; पेटीवर पट्टी दाबली की झाले. नाटक मंडळ्यांना हे मानवले. पण हा तयार स्वर विलायती मापाचा. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले. आपला गवई एखादा कोमल स्वर रागाप्रमाणे किंचित चढा वा उतरा घेतो, एका स्वरातून दुसऱ्यात मिंडेने घसरत जातो. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधली ती वाट बंदच.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांना ही गोष्ट फार सलली. पेन्शनीत निघालेले हे डेप्युटी कलेक्टर श्रुतींच्या गणितात बुडून गेले. अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्यातले स्वर त्यांनी मोजून पाहिले. १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक छापले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हा गोरा न्यायाधीश त्यांचा साथीदार झाला आणि विलायतेत खास श्रुतींची पेटी तयार करविण्यात आली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे ही पेटी मांडली गेली आणि मोठा वाद झाला. जाणत्या गवयांनी तिला मान्यता दिली नाही.

देवलांच्या तळमळीपुढे हात जोडावेत. पण मला वाटते, त्यांनी बाराच्या जागी बावीस तयार स्वर दिले. ते तयारच राहिले. गवयाचे दुखणे स्वर थोडे असण्याचे नव्हते. ऐन वेळी स्वर हलवायला जागा नव्हती, हे होते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. याच सदोष पेटीवर गोविंदराव टेंबे यांनी आपली कला उभी केली आणि १९११ साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमाना'च्या चाली दिल्या. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले. ते उघडायला १९७१ साल उजाडावे लागले. त्या तीस वर्षांत पेटी घरोघर वाजतच राहिली. म्हणजे तयार स्वर घेणारा प्रत्येक जण चोर, असे म्हणावे तर टेंब्यांनाही त्याच रांगेत उभे करावे लागेल!

अब्दुल करीम खांसाहेब पुढे मिरजेला राहिले. त्यांच्यामागोमाग आपणही तेथे जाऊ, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिरजेच्या तंबोऱ्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्ये करायला घेतली. फरीदसाहेब हे त्यांतले आद्य नाव. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या तंबोऱ्याचे सारे मर्म घोडीत असते. घोडीचा माथा कारागीर कानसेने असा घासतो की तार तिच्यावर टेकतेही आणि निसटतेही. ती जवारी. पण कारागिराने कितीही घासले तरी काम पुरे होत नाही. वाजविणारा तारेखाली सुताचा एक दोरा सारतो आणि केसभर मागेपुढे करीत राहतो. एका जागी तो आला की मुका तंबोरा अचानक बोलू लागतो. ती जागा आज एक असते, उद्या हवा बदलली की दुसरी.

घोडी दुसऱ्याने घडविली म्हणून तंबोरा परका होत नाही. दोरा मात्र आपल्या कानाने लावावा लागतो.

आता विजेच्या वाद्यांकडे वळू. अमेरिकेत रॉबर्ट मूग याने १९६४ च्या सुमारास सिंथेसायझर बनविला. १९७० साली आलेल्या त्याच्या लहान 'मिनीमूग'ला आठवणच नव्हती. खुंट्या फिरवून सूर घडवायचा, आणि पुन्हा तोच हवा असेल तर खुंट्यांच्या जागा कागदावर टिपून ठेवायच्या. १९७८ साली 'प्रॉफेट-५' आला. त्याला घडविलेले सूर स्मरणात ठेवता येऊ लागले. १९८३ साली यामाहाचा 'डीएक्स-७' आला. स्टॅनफर्डचे जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या रीतीवर तो चाले. ती रीत इतकी गहन की बहुतेक वादक आत शिरलेच नाहीत. कारखान्याने भरून दिलेले सूर, ज्यांना प्रीसेट म्हणतात, तेच बटण दाबून वाजविले. म्हणून त्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत तोच एक काचेसारखा किणकिणणारा विजेचा पियानो ऐकू येतो.

पण ते सूर काही आभाळातून पडले नव्हते. डेव्हिड ब्रिस्टो आणि गॅरी ल्युएनबर्गर या दोघा वादकांनी बसून त्यांतले पुष्कळसे घडविले होते. बटणाआडही कोणाचा तरी कान असतोच. तयार सूर वापरणे म्हणजे त्या माणसाचा कान उसना घेणे.

मग आपला कान चालविणारा कोणी इथे झाला की नाही? झाला, आणि तोही मुंबईत. चरणजितसिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजविणारे, लग्नसमारंभांत आपला ताफा नेणारे कलावंत. त्यांनी रोलँड कंपनीची यंत्रे आणली. त्यांतले 'टीबी-३०३' हे एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेले. गिटारवाल्यांना ते पटले नाही आणि १९८४ साली कंपनीने ते बंद केले. पण त्यात दोन स्वरांमधून घसरत जाण्याची सोय होती. चरणजितसिंगांना त्या घसरणीत मींड दिसली! त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग त्यावर बांधले. १९८२ साली एचएमव्हीने तबकडी काढली. ती फारशी कोणी विचारली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्राच्या खुंट्या पिळून एक नवा नृत्यसंगीताचा प्रकार गाजविला. २०१० साली चरणजितसिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगाला कळले की मुंबईचा हा माणूस त्या वाटेवर पाच वर्षे आधी जाऊन आला होता. २०१५ साली ते वारले.

यंत्र त्यांनी केलेले नव्हते. सोयही जपानी कारागिरांनीच ठेवलेली. पण काय हवे ते त्यांच्या कानात आधीपासून होते.

हे सारे मी त्या मुलाला माझ्या मास्तरी पद्धतीने सांगितले. म्हटले, "चोरी नाही रे. पण आजोबांनी तुला दोऱ्याची जागा दाखवली आहे. ती सोडू नकोस." त्याला किती कळले, देव जाणे. यंत्र आले म्हणून आजोबांची सुपारी कधीचीच दुसरीकडे गेली होती, हे तो जाणून होता. आणि तेच यंत्र आपल्या हातात आहे, हेही. त्याची खालची मान मला त्या वेळी उमगली.

पुढचे पंधरा दिवस तो संध्याकाळी आजोबांजवळ बसे. बटण तेच ठेवले. पण त्याच्या आत शिरून सुराचा आरंभ जरा संथ केला, कारण आजोबा म्हणाले, पत्ती ओठांत धरल्याबरोबर सनई अशी ओरडत नाही. ओळ कुठे तोडायची, ते आजोबा मांडीवर बोट आपटून दाखवीत.

संमेलनाच्या दिवशी स्वागतगीत झाले. पाहुण्यांना काही वेगळे जाणवले असेल, असे मला वाटत नाही. मी मात्र आजोबांकडे पाहत होतो. ते तिसऱ्या रांगेत बसले होते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मुलाने बोट उचलले, क्षणभर सनई थांबली, आणि नेमक्या त्याच क्षणी म्हाताऱ्याने छाती भरून श्वास घेतला.