आईला विचारलेले प्रश्न : व्हाइनलँड ते नागपूर, नागपूर ते एनिस

आपल्या एनिसमध्ये मूल दोन वर्षांचे होत आले की पब्लिक हेल्थ नर्सकडून तपासणीचे बोलावणे येते, आणि सोबत आईवडिलांनी भरायची प्रश्नावलीही. 'परीक्षा मुलाची की आमची?' असे मनात येणे साहजिक आहे. पण ही पद्धत आपल्या विदर्भालाही नवी नाही.

अमेरिकेत न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे एडगर डॉल यांनी 1935 साली सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात 117 बाबी होत्या. मुलाला समोर बसवून परीक्षा घ्यायची नाही, तर त्याला रोज पाहणाऱ्या माणसाशी बोलायचे. मूल काय करू 'शकेल' हे नव्हे, नेहमी काय 'करते' हे विचारायचे. उत्तरांवरून सामाजिक वय काढत. 'संधीच मिळाली नाही' अशी नोंद करण्याचीही सोय डॉल यांनी ठेवली होती.

मात्र त्या यादीत काट्याने खाणे, सुरीने लोणी लावणे, सांताक्लॉज खरा नसतो हे कळणे, अशाही बाबी होत्या. वरणभात हाताने कालवणाऱ्या घरात त्या विचारून काय उपयोग? डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात या मोजपट्टीचे भारतीय रूप केले. त्यात 15 वर्षांपर्यंतच्या 89 बाबी आहेत. 'नागपूर आवृत्ती' म्हणून ती देशभर वापरात आली. बौद्धिक अक्षमतेच्या निदानासाठी आईचे बोलणे भारतात महत्त्वाचे ठरते, ते अशा मोजपट्ट्यांमुळे.

बडोद्यात प्रमिला फाटक यांनी वेगळी वाट धरली. 30 महिन्यांपर्यंतच्या बाळांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून त्यांनी भारतीय प्रमाणे बसवली. आयर्लंडमध्ये 2008-09 साली 'ग्रोइंग अप इन आयर्लंड' या पाहणीत नऊ महिन्यांच्या 11,134 बाळांच्या घरी जाऊन पालकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? आपण मुलांना मायेने बराच काळ भरवतो. म्हणून 'चमच्याने खात नाही' एवढेच न सांगता 'आम्ही भरवतो, चमचा हाती दिलेला नाही' असे सांगावे. शब्द मोजताना मराठी शब्दही धरावेत. आणि शेजारणीला काय वाटेल म्हणून 'नाही'चे 'हो' करू नये. खरोखर उशीर होत असेल तर मदत लवकर मिळणे त्या उत्तरावरच अवलंबून असते.