शीर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. प्रगतिपुस्तकावर सही करण्यासाठी एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. सोलापूरच्या पूर्व भागातला हा विणकर माणूस; सारा जन्म मागावर गेलेला. लेखणी हाती घ्यावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचे मनगट धरले, हात उचलला, आणि एखादी परकी वस्तू ठेवावी तसा तो टेबलावर ठेवला. मी पाहतच राहिलो.

"शीर आखडली आहे, गुरुजी," ते ओशाळून म्हणाले. "बीम उचलताना कट्‌कन आवाज झाला. चार महिने झाले, तेल चोळतो आहे."

ते गेले, पण तो एक शब्द माझ्याजवळ राहिला. आपल्या बोलीत शीर म्हणजे काय नाही? रक्त वाहते ती शीर. दबली असता मुंग्या येतात तीही शीर. आणि मांसाला हाडाशी बांधून ठेवणारा तो पांढरा चिवट दोर, तीही शीरच. या तिसऱ्या वस्तूला शास्त्रात कंडरा म्हणतात. तीन वस्तूंना एकच नाव पडले की तिन्हींना एकच औषध मिळते, आणि ते बहुधा तेलाच्या बाटलीत असते.

हा घोटाळा केवळ आपला नव्हे. सुश्रुतसंहितेत शरीराची बंधने म्हणून स्नायूंचे वर्णन आहे. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या म्हणजे नाव जसा भार सोसते, तसा मनुष्यदेह स्नायूंच्या बळावर भार सोसतो, असा तेथला दृष्टान्त आहे. हाड मोडल्याने होत नाही इतकी हानी स्नायू दुखावल्याने होते, हेही त्या आचार्याने बजावून सांगितले. पुढे मराठीत मात्र स्नायू म्हणजे मांसपेशी असा अर्थ रूढ झाला आणि दोराचे नाव हरवले. तिकडे ग्रीकांच्या भाषेतही कंडरा आणि मज्जातंतू यांना न्यूरॉन हा एकच शब्द होता. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने मज्जातंतूला सुई टोचल्यास आचके येतात असा इशारा दिला. त्याच्या भयाने युरोपातले शस्त्रवैद्य कित्येक शतके तुटलेली कंडरा शिवण्यास बिचकत राहिले. अकराव्या शतकात इब्न सिना याने कंडरा खुशाल शिवावी असे लिहिले, तरी भय लवकर गेले नाही. एका शब्दाने किती हात लुळे ठेवले असतील, याचा हिशेब कोण देणार?

आता खांद्याची रचना पाहा. मांडीचे हाड खोल उखळात बसते. खांद्याचे तसे नाही. बशीवर लिंबू ठेवावे तसे दंडाच्या हाडाचे गोल डोके उथळ वाटीवर टेकलेले असते. म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच त्याला सांभाळणारे कोणी लागते. ते काम चार मांसपेशी करतात. त्यांच्या कंडरा एकत्र येऊन त्या डोक्याभोवती सदऱ्याच्या कफासारखे वेष्टण करतात. त्यांतली वरची कंडरा हाडाच्या छपराखालच्या अरुंद वाटेने जाते. वय, घर्षण आणि तुटपुंजा रक्तपुरवठा यांमुळे दोर आधी झिजतो. मग एके दिवशी ओझे उचलताना तुटतो.

तुटलेला दोर पहिल्याने दिसला तो मृतांच्या खांद्यात. एडिंबरोचा अलेक्झांडर मन्रो याने १७८८ साली असे भोक पडलेल्या कंडरेचे वर्णन केले. १८३४ साली जे. जी. स्मिथ याने लंडनच्या एका वैद्यकीय पत्रात अशी आणखी उदाहरणे दिली. जिवंत माणसाच्या दुखण्याशी त्याचा संबंध जोडून हे प्रकरण तडीस नेले ते बोस्टनच्या अर्नेस्ट एमरी कॉडमन याने. १९०९ साली त्याने अशी कंडरा शिवली आणि १९११ साली दोन यशस्वी शस्त्रक्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे हे रोगी बव्हंशी कष्टकरी होते. त्यांचे हाड मोडलेले नसे, सूज लवकर ओसरे, आणि तरीही हात वर जात नसे. अशा मजुराला आळशी ठरविणे किती सोपे!

कॉडमनने खांद्यावरचा आपला ग्रंथ १९३४ साली स्वतःच छापला. 'गोठलेला खांदा' हे नावही त्याचेच. पण या गृहस्थाचा खरा हट्ट वेगळा होता. शस्त्रक्रिया केल्यावर रोग्याचे पुढे काय झाले, हे प्रत्येक रुग्णालयाने शोधून जाहीर करावे, असे तो म्हणे. स्वतःच्या लहानशा रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रोग्यांच्या बाबतीत १२३ चुका झाल्याचे त्याने स्वतःच छापून टाकले. समव्यावसायिकांना हे रुचणारे नव्हतेच. तो एकाकी पडला, १९४० साली वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसण्यास २०१४ साल उजाडले.

दोर तुटला हे बाहेरून ओळखावे कसे? १८९५ साली क्ष-किरण सापडले; पण त्यांत हाड दिसते, कंडरा दिसत नाही. १९३९ साली स्टॉकहोमच्या लिंडब्लोम याने सांध्यात द्रव सोडून चित्र घेतले. द्रव वर पाझरला की भोक आहे असे समजावयाचे. १९८० नंतरच्या दशकात एमआरआय आला आणि दोर उघड दिसू लागला. तरी चित्रच सर्व काही सांगते असे नाही. खांदा मुळीच न दुखणाऱ्या ९६ माणसांची अशी चित्रे १९९५ साली प्रसिद्ध झाली; त्यांतल्या साठी ओलांडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांची कंडरा थोडीबहुत फाटलेलीच निघाली. छपराचे हाड तासण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या नीर याने १९७२ साली मांडली आणि ती जगभर पसरली. पण कंडरा पुरती फाटलेली नसताना केवळ दुखण्यासाठी हाड तासणे, हे नुसती दुर्बीण घालून पाहण्यापेक्षा सरस नाही, असे २०१८ साली इंग्लंडमधल्या चाचणीत दिसून आले. सारांश, चित्राआधी वैद्याचा हात. खांदा गोठला असेल तर रोग्याला हात उचलता येत नाही, आणि वैद्यालाही उचलता येत नाही. कंडरा तुटली असेल तर वैद्याने उचलल्यास हात वर जातो. सोडला की गळून पडतो.

महाराष्ट्रातल्या घराघरांत कंडरेचे दुखणे पोहोचले ते सचिन तेंडुलकरच्या हातामुळे. २००५ साली त्याच्या कोपराची आणि २००६ साली खांद्याची शस्त्रक्रिया लंडनमध्ये झाली. त्या दिवसांत माझ्या वर्गातली मुलेदेखील 'टेनिस एल्बो' म्हणू लागली होती. पुढे २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो हात खेळला. हात वाचतो, हे साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

परंतु त्या हाताची वाट पाहण्यास सारा देश तयार होता. आमच्या विणकराची वाट कोण पाहणार? एका रविवारी मी त्यांना अस्थितज्ज्ञाकडे नेले. डॉक्टरांनी त्यांचा हात उचलला. तो डोक्यापर्यंत सहज गेला. सोडला, आणि तो पडला. चित्रातही तेच निघाले. बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून, हाडात छोटे खिळे बसवून कंडरा पुन्हा जागेवर शिवता येईल, असे ते म्हणाले. मग सुमारे सहा आठवडे हात झोळीत, आणि जड काम कित्येक महिने बंद. उशीर झाला तर मांसपेशी आखडते, तिच्यात चरबी भरते, आणि दोर हाडापर्यंत ओढला जात नाही. शिवलेले प्रत्येक वेळी टिकतेच असेही नाही, हेही त्यांनी लपविले नाही. कॉडमनला हे डॉक्टर आवडले असते.

परतताना विणकर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे शीर आखडली नव्हती. तुटली होती."

"होय."

"दिवाळीचा माल तेवढा निघू द्या, गुरुजी. मग बघू."

मी काय बोलणार? त्यांच्या घरचा हिशेब मला ठाऊक होता, आणि आता दोराचाही हिशेब ठाऊक झाला होता. नाव कळण्यास माणसाला दोन हजार वर्षे लागली. ते कळल्यावर थांबण्यास आता फार दिवस उरत नाहीत. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळी आलेली असेल. त्यांच्या गल्लीत माग चालूच असतील. मी मात्र पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभा राहणार आहे.