कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅटला 'हो' म्हणण्याआधी हे करून बघा

मे-जूनमधली संध्याकाळ. वादळ सुटलं, लाईट गेली आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरवर विंडोजचं अपडेट चालू होतं. लाईट आल्यावर बटण दाबलं तर स्क्रीनवर 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' आणि गोल फिरणारे ठिपके. परत चालू केलं, परत तेच. बुलढाणा असो, चिखली असो की मेहकर, घरी डेस्कटॉप आहे आणि यूपीएस नाही, तर हा प्रसंग कधीही येऊ शकतो.

मग आपण सीपीयू उचलून दुकानात नेतो. तिथे बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं: "फॉरमॅट मारावा लागेल." आपण मान डोलावतो. घरी आल्यावर लक्षात येतं की ताईच्या लग्नाचे फोटो आणि मार्कशीटचे स्कॅन त्याच डिस्कवर होते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: विंडोज बिघडणं आणि फाईल्स जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पण उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक खराब फाईल डिलीट करणं. फॉरमॅट करायची गरज नव्हती.

आधी बघा, गाडी कुठे अडते

1. स्क्रीन काळीच राहते किंवा बीप वाजतात: हा बहुतेक वेळा हार्डवेअरचा प्रश्न असतो. मॉनिटरची केबल तपासा. मग मेन स्विच बंद करा, वायर काढा आणि पॉवर बटण 15-20 सेकंद दाबून धरा. डेस्कटॉप असेल तर रॅम काढून धूळ पुसा आणि 'कट्' आवाज येईपर्यंत परत नीट बसवा.

2. 'नो बूटेबल डिव्हाइस' असं दिसतं: लावलेला पेनड्राईव्ह आधी काढा. मग चालू करताना एफ2 किंवा डिलीट बटण दाबून बायोसमध्ये जा (काही कंपन्यांचं बटण वेगळं असतं). तिथे डिस्कचं नाव दिसत नसेल तर केबल सैल असेल किंवा डिस्क खराब असेल. तारीख-वेळ दर वेळी चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. डेस्कटॉपमध्ये तो बहुधा सीआर2032 नंबरचा असतो. बाकीच्या सेटिंगला हात लावू नका.

3. लोगो येतो, पण पुढे रिपेअरच फिरत राहतं: इथे रिकव्हरी मोड कामाला येतो.

रिकव्हरी मोडमध्ये काय करायचं

विंडोज दोनदा सुरू होताना फसलं की हा मोड बहुधा आपोआप उघडतो. लॉगिन स्क्रीनपर्यंत जाता येत असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट निवडा. मग 'ट्रबलशूट' आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आता याच क्रमाने जा:

• स्टार्टअप रिपेअर: एकदा चालवा. दोनदा फेल झालं तर त्याच्या मागे लागू नका.
• अनइन्स्टॉल अपडेट्स: अपडेटनंतर बिघडलं असेल तर हे आधी करा.
• सिस्टिम रिस्टोर: जुन्या तारखेला परत नेतं. फोटो, डॉक्युमेंट तसेच राहतात.
• स्टार्टअप सेटिंग्ज: रीस्टार्ट झाल्यावर 4 दाबलं की सेफ मोड. इथे विंडोज चालू झालं तर नवीन टाकलेला ड्रायव्हर किंवा ॲप काढून टाका.

फाईल्स बाहेर काढायची युक्ती

यातलं काहीच चाललं नाही तरी फाईल्स काढता येतात. पेनड्राईव्ह लावा, 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. फाईल मेनूतून 'ओपन' निवडा आणि खाली 'ऑल फाईल्स' करा. आता तुमचे फोल्डर दिसतील. हवं ते कॉपी करून पेनड्राईव्हमध्ये पेस्ट करा. इथे सी ड्राईव्ह कधी डी किंवा ई नावाने दिसतो, घाबरू नका.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र सगळे प्रयोग थांबवा. प्रत्येक वेळी चालू केल्याने डिस्क आणखी बिघडू शकते. दुकानात आधी डेटा काढायला सांगा, दुरुस्ती नंतर.

निळ्या स्क्रीनवर 48 अंकी की मागतोय?

हे बिटलॉकर. नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बऱ्याचदा आपोआप चालू होतं. मोबाईलच्या ब्राउझरवर त्याच खात्यात लॉगिन करा आणि डिव्हाइसच्या यादीत रिकव्हरी की शोधा. स्क्रीनवरच्या की आयडीशी ती जुळवून बघा. की मिळाली नाही तर फॉरमॅटला होकार देऊ नका, आधी घरातल्या सगळ्यांची खाती तपासा. फॉरमॅटनंतर तो डेटा परत मिळत नाही.

शेवटचा उपाय

'रिसेट धिस पीसी' मध्ये 'कीप माय फाईल्स' निवडलं तर ॲप्स जातात, फाईल्स राहतात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' मध्ये सगळंच जातं. दोन्हींच्या आधी कॉपी काढलेली बरी. रिसेटही फसलं तर मित्राच्या कॉम्प्युटरवर किमान 8 जीबी पेनड्राईव्हमध्ये मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून विंडोज भरून आणा.

आणि आज, कॉम्प्युटर नीट चालू असतानाच दोन कामं करा: बिटलॉकरची की कागदावर लिहून कपाटात ठेवा आणि महत्त्वाच्या फाईल्स पेनड्राईव्हवर घ्या. जमलं तर छोटा यूपीएस घ्या. दुकानात जायची वेळ आलीच, तर पहिलं वाक्य हेच असू द्या: "दादा, आधी डेटा काढा, मग बाकीचं बघू."