कळुंदराचें गोत्र

गोमंतकांत ज्याला कळुंदर आणि केरळांत करिमीन म्हणतात, त्या माशाच्या कुळाची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. केरळानें २०१० सालीं त्याला राज्याच्या माशाचा मान दिला. शास्त्रीय ग्रंथांत मात्र तो 'एट्रोप्लस सुरातेन्सिस', म्हणजे सुरतेचा, म्हणून नोंदला गेला आहे. वस्तुतः त्याची खरी वस्ती गोवें, कारवार, केरळ व सिंहलद्वीप येथील खाड्यांच्या मचूळ पाण्यांत.

हें सुरतेचें नांव देणारा गृहस्थ बर्लिनचा वैद्य मार्कुस ब्लॉख. पन्नाशी उलटल्यावर त्यानें माशांचा अभ्यास हातीं घेतला. (पेन्शनींत वेळ कसा घालवावा असें विचारणाऱ्या मित्रांना मी त्याचेंच नांव सांगतों.) हिंदुस्थान त्यानें कधीं पाहिला नाहीं, देशोदेशींचे मासे मिळवून तो त्यांचीं वर्णनें चित्रांसह छापी. १७९० सालीं त्यानें कळुंदराला कीटोडॉन, म्हणजे प्रवाळांत राहणाऱ्या फुलपांखरी माशांच्या, वर्गांत बसविलें. तें चपटें, उंच अंग आणि त्यावरील काळसर पट्टे पाहिले म्हणजे ही चूक अगदींच अडाणीपणाची वाटत नाहीं.

१८३० सालीं पॅरिसच्या क्यूव्हिए यानें त्याचा निराळा वर्ग केला. एट्रोप्लस म्हणजे ग्रीक भाषेंत पोटाशीं शस्त्र बाळगणारा. तें शस्त्र म्हणजे पोटामागच्या खालच्या परांतील बारा-तेरा कांटे. पुढें त्याचें खरें कुळ ठरलें तें सिक्लिड. बहुतेक माशांना नाकाच्या प्रत्येक बाजूस दोन छिद्रें असतात, सिक्लिडांना एकच. कळुंदराचे जवळचे भाऊबंद मादागास्करांत आहेत. तें बेट व हिंदुस्थान सुमारें नऊ कोटि वर्षांपूर्वीं विलग झालीं. हे मासे भूमीबरोबर दुरावले कीं समुद्र ओलांडून आले, यावर विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं.

याच कुळांतला एक आफ्रिकन पाहुणा, तिलापिया, १९५२ सालीं स्वस्त अन्न म्हणून आपल्याकडे आणला गेला आणि तळ्यांतून, खाड्यांतून पसरला. कळुंदराचीं नर-मादी बुडालेल्या लांकडावर किंवा दगडावर अंडीं चिकटवून दोघेंही पहारा करतात. या तिलापियाची मादी अंडीं तोंडांतच सांभाळते. बाजाराच्या टोपलींत मात्र हा भेद दिसत नाहीं, आणि भावांत तर पुष्कळच अंतर!

गोव्यांत एकदां मीं मोठ्या ऐटींत टोपलींतला एक मासा उचलून 'कळुंदर केवढ्याला?' म्हणून विचारलें. कोळीण हंसली. तिनें तो उलटा करून खालचा पर बोटानें ताणला. 'न्हय बाब,' ती म्हणाली. मीं चष्मा पुसून मोजलें : कांटे तीनच होते.